माझ्या सायकलचं टिकाऊ इंजिन

सायकलला इंजिन बसवणं हा आपल्या हातचा मळ आहे, असं मी जेवताना जाहीर केलं. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं. फळ्यावर इतकी इंजिनं काढली की ती सगळी एकदम सुरू झाली असती, तर शाळा मुलांसकट चालू लागली असती! प्रत्यक्षात एकाही इंजिनाला मी कधी हात लावलेला नव्हता, पण हा तपशील जेवताना सांगण्यासारखा नव्हता.

इंजिनाची गरज का पडली, तेही सांगतो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी मी टेकडीवरच्या वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेतो. हा वर्ग म्हणजे माझा आठवडा; बाकीचे दिवस मी नुसते ढकलतो. टेकडीचा चढ पूर्वीएवढाच आहे असं सगळे म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. गेल्या महिन्यात तो मधेच असा काही वाढला, की माझ्या गुडघ्यांनी जागच्या जागी राजीनामा दिला आणि मी सायकलसकट दुधाच्या टेम्पोतून घरी आलो. बायको दारातच उभी होती. दुधाच्या कॅनांमध्ये बसलेला नवरा तिनं शांतपणे उतरवून घेतला आणि ती म्हणाली, "वर्ग आता पुरे."

म्हणून इंजिन.

सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी नव्हता, हे माझं नशीब. त्यानं आधी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन सुचवलं. ते बसवलं तर मी टेकडी चढेन की भादरेन, या विचारानं मी नको म्हटलं. मग त्यानं माळ्यावरून एक खोकं काढलं. आत लिंबाएवढ्या सिलिंडरचं, पण ऐट मोटारीची असलेलं इंजिन, छोटी टाकी, साखळी आणि मूठभर नटबोल्ट.

"टिकेल का?" मी विचारलं.

"सांभाळलं तर टिकेल."

"आणि नाही सांभाळलं तर?"

"तर दुसरं घ्या."

"दुसरं मिळेल?"

"ते मिळायचं बंद झालंय," तो म्हणाला आणि खोक्यावरची धूळ माझ्याच बाजूला झटकली.

एखाद्या समजूतदार माणसानं इथेच पाय मागे घेतला असता. मी खोकं घेऊन घरी आलो.

इंजिन बसलं. म्हणजे सायकलच्या दांड्यांमध्ये ते अगदी माझ्यासारखं बसलं. उठताना त्रास होणार हे दिसत होतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, पायडल मारून वेग घ्यायचा, क्लच सोडायचा, की ते फटफट करत जागं होतं. गल्लीत पहिली फेरी मारली तेव्हा शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी ते कौतुक समजलो.

इंजिनात एकच खोड होती, ते थरथरायचं. त्या थरथरीनं दर फेरीला कुठला ना कुठला नट सैल व्हायचा. मी घट्ट करायचो, ते सैल करायचं. दोघंही आपापल्या कामाला चिकटून होतो. एकदा क्लचची वायर उसवलेली दिसली. नवी आणायला गेलो, तर दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पणजोबांच्या चपलेचा दुसरा जोड मागतोय. मग मी ती वायर सुतळीनं बांधली. विज्ञानाचा शिक्षक, आणि सुतळी!

बायकोनं अट घातली. रविवारी ती स्वतः टेकडीवर येणार. तिच्या डोळ्यांसमोर मी नीट गाडी चालवून दाखवली तर वर्ग चालू, नाहीतर कायमचा बंद. मी म्हटलं, ये की! मागे बस. ती म्हणाली, मी चालत येते.

ती चालत निघाली आणि माझ्या आधी पोचली. मी वाटेत नट वेचत होतो.

वस्तीतल्या शाळेपुढे एक गोल मैदान आहे, भोवती कुंपण, एकच फाटक आणि फाटकाबाहेर लगेच तो उतार. मुलं व्हरांड्यात वह्या घेऊन ओळीनं बसली होती. मधोमध खुर्चीवर आमची ही, परीक्षा घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यासारखी.

माझ्या वर्गाचे नियम दोनच. प्रयोग चालू असताना मधे कुणी हात घालायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. दुसरा नियम मला एका मुलीमुळे करावा लागला. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू होतं, म्हणून सगळे तिला पणबाई म्हणतात. हे नियम त्या मुलांच्या अंगी बाणवायला मला फार कष्ट पडले होते. ते किती पक्के बाणले आहेत, हे त्या दिवशी कळलं.

मी पायडल मारलं, क्लच सोडला, इंजिन गरजलं. पहिली फेरी अशी झोकात झाली, की आमच्या हिच्या चेहऱ्यावरही थोडं समाधान दिसलं. दुसऱ्या फेरीला वेग कमी करायला गेलो, तर हँडलवरची वेगाची मूठ फिरेना. अडकली होती. क्लच ओढला, तर सुतळीनं जीव सोडला. इंजिन बंद करायचं तांबडं बटण दाबलं, तर त्याची वायर थरथरून केव्हाच निसटलेली. ब्रेक सायकलचे, म्हणजे माझ्या पायांच्या ताकदीला पुरणारे; त्यांनी नुसता वास सोडला.

फाटकातून बाहेर जावं तर समोर उतार. म्हणून गोल फिरत राहिलो. घाण्याच्या बैलाला निदान मालक थांबवतो!

व्हरांड्यासमोरून जाताना मी एक हात सोडून मदतीसाठी हलवला. आमच्या हिनंही हात हलवला. एका हातानं चालवून दाखवतोय असं तिला वाटलं; तिनं मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. पुढच्या फेरीला मी ओरडलो, "धरा मला!" मुलांनी माना खाली घालून लिहून घेतलं. एकही जागचा हलला नाही. प्रयोग चालू होता ना!

फक्त पणबाईचा हात वर होता. आणि मी, सांगायला लाज वाटते, सवयीनं ओरडलो, "हात खाली! प्रश्न शेवटी!"

तिनं हात खाली घेतला. मी आणखी एक फेरी मारली. बोल्ट गळत होते, मागे सायलेन्सर लोंबत होता, आणि मला एकदम जाणवलं की शेवट जवळ आलेला आहे.

"विचार!" मी जाता जाता ओरडलो.

"पण सर," पुढची फेरी येईपर्यंत ती थांबली, "टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला तर?"

कॉक माझ्या दोन गुडघ्यांच्या मधे होता. मी तो बंद केला. इंजिनानं आणखी अर्धी फेरी हट्टानं काढली, दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मी वाळूच्या ढिगात पडलो. सायलेन्सर मात्र थांबला नाही; तो फाटकातून बाहेर पडला आणि खणखणत उतारावरून गेला.

आता कुठे आमच्या हिला खरा प्रकार कळला. ती धावत आली, माझ्या कानातली वाळू काढली, हातपाय हलवून पाहिले. सगळं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावर ती उठली आणि मुलांकडे वळली.

"सरांचा वर्ग आजपासून बंद," ती म्हणाली.

अट मी मान्य केली होती, आणि वाळूत बसून वाद घालता येत नाही. ज्या मुलांना मी शेवटी प्रश्न विचारायला शिकवलं होतं, त्यांच्यापुढे तो शेवट असा येऊन उभा राहिला होता.

पणबाईनं हात वर केला. आमच्या हिनं मान डोलावली.

"पण आजी, आम्ही खाली आलो तर? आम्हाला तर जाताना उतारच आहे. आणि येताना चढ असला तरी आम्हाला चढाचं काय?"

आमची ही माझ्याकडे बघत राहिली. मी वाळूकडे बघत राहिलो.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाला कधी सुचलं नाही?"

"मला इंजिन सुचलं," मी म्हटलं.

तेव्हापासून रविवारी वर्ग आमच्या बैठकीच्या खोलीत भरतो. आमची ही सगळ्यांना पाणी देते आणि पणबाईचे निम्मे प्रश्न आता तीच घेते. इंजिन मधल्या टेबलावर असतं. मुलं ते उघडतात, पुन्हा जोडतात, आणि दर वेळी एक नट उरतो.

दुकानदार परवा भेटला, टिकलं का म्हणून विचारत होता. मी छाती पुढे काढून सांगितलं, तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. आम्ही ते सुरूच करत नाही, हे त्याला कशाला सांगा!