नकली पेशंटचा घाम

"बाकी सगळं जमेल," वेलायुधन माष म्हणाले, "पण घामाचं काय करायचं?"

डॉ. सुधर्मानं कपाळाला हात लावला. गेला अर्धा तास ती माषांच्या ओसरीवर बसून समजावत होती, की काम अगदी सोपं आहे. सकाळी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, छातीत दुखतंय म्हणायचं आणि सिस्टर काय करतात ते बघायचं. पण केरळात माष म्हणजे मास्तर; या माषांनी तिला शाळेत इतिहास शिकवला होता, आणि गावच्या नाट्यमंडळात ते जन्मभर राजे, जमीनदार नाहीतर खोकणारे बाप होऊन मरत आले होते. असल्या माणसाला सोपं काम सांगणं म्हणजे त्याचा अपमानच. या पेशंटला मुलं किती, बायकोशी पटतं का, भावाबरोबर जमिनीचा वाद आहे का, हे त्यांना आधी कळायला हवं होतं.

"माष, तो नुसता छातीत दुखणारा माणूस आहे हो," सुधर्मा म्हणाली.

"उगाच नाही दुखत कुणाच्या छातीत, पोरी. मागं काहीतरी असतं." माषांनी छातीवर हात ठेवून एक कळ आणून दाखवली. कळ इतकी झकास होती की आतून त्यांची बायको भांडी घासता घासता ओरडली, "हळू मरा, शेजारी गाय व्यालीय."

सुधर्माला हसू आलं, पण उद्याची धास्तीही होती. गेल्या वर्षी एक बस कंडक्टर केसपेपर काढून डॉक्टरांच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळला होता. हॉस्पिटलची पद्धतच तशी. आधी केसपेपर, मग रांग, मग डॉक्टर लिहून देणार, तेव्हा कुठं ईसीजी. तो कंडक्टर गेला तेव्हा त्याच्या मुठीत केसपेपर होता. सुधर्माला ती मूठ विसरता येईना. तिनं संशोधनाचा विषयच तो घेतला. सिस्टर लोकांना शिकवलं, की छाती, जबडा, डावा हात दुखतोय, दरदरून घाम आलाय असा कुणीही दिसला, की आधी झोपवा, दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढा, केसपेपर नंतर. आणि हे शिक्षण अंगी लागलंय का ते बघायला ती अधूनमधून नकली पेशंट पाठवायची. तो कोण, कधी येणार, याचा कॅज्युअल्टीत कुणाला पत्ता नसायचा.

सुपरिटेंडंट डॉ. पावुण्णींना हा सगळा पोरखेळ वाटायचा. सिस्टरनं आपल्या मनानं ईसीजी काढायचा तर डॉक्टरनं काय नारळ सोलायचे, असं ते चार लोकांत विचारायचे. त्यांनी परवानगी दिली होती ती एका अटीवर. एक जरी नकली पेशंट दहा मिनिटांच्या वर ताटकळला, तर शिक्षण बंद आणि जुनी रांग चालू. आतापर्यंतचे सगळे वेळेत सुटले होते. उद्याचा शेवटचा, आणि तो होता वेलायुधन माष.

"घामाचं मी बघतो," माष शेवटी म्हणाले. सुधर्मानं त्यांच्याकडून वचन घेतलं, की हॉस्पिटलातल्या कुणालाही यातलं अक्षर कळू द्यायचं नाही.

माषांनी वचन पाळलं. हॉस्पिटलातल्या एकाही माणसाला ते भेटले नाहीत. संध्याकाळी त्यांनी फक्त वाचनालयात एक छोटीशी तालीम ठेवली. वाचनालय म्हणजे काही हॉस्पिटल नव्हे, आणि चार जाणकारांची मतं घेतल्याशिवाय भूमिका उभी राहते का? सगळी मंडळी जमली. कॅरम थांबला. माष दोनदा कोसळले. पहिल्या वेळी डावा पाय जास्त उडतोय, असं मत पडलं, म्हणून दुसऱ्यांदा. मग माषांनी सगळ्यांकडून शब्द घेतला, की उद्या पेशंट म्हणून मी जातोय हे कुणाकडं बोलायचं नाही.

त्या मंडळींत लोनप्पन होता. हा कॅज्युअल्टीच्या एलियाम्मा सिस्टरचा नवरा. लोनप्पन शब्दाला जागणारा माणूस. रात्री जेवताना त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, की उद्या तुमच्याकडं नकली पेशंट येणार आहे. कोण, ते मात्र तिनं माशाच्या कालवणाचं भांडं उचलून नेलं तरी सांगितलं नाही.

सकाळी एलियाम्मा सिस्टरनं पदर खोचावा तशा गणवेशाच्या बाह्या वर सारल्या आणि सगळ्या पोरींना जमवून बजावलं, की आज त्यो येणार आहे. कसाही येईल. म्हातारा होऊन येईल, बाई होऊन येईल. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणजे सगळ्यांवर ठेवायचा.

सुधर्मा चादरींच्या खोलीत दार किलकिलं करून घड्याळ घेऊन बसली होती. नियमच होता, तिनं मध्ये पडायचं नाही. आणि बघते तर काय, तिच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. रात्री बीफ-पोरोट्यावर आडवा हात मारून आलेल्या रबराच्या व्यापाऱ्याला ढेकर पुरा व्हायच्या आत स्ट्रेचरवर घेतलं. छातीच्या वरच्या बाजूला गळू झालेल्या बाईचा ईसीजी निघाला. लॉटरीची तिकिटं विकायला आत डोकावलेल्या माणसानं ऊन म्हणून कपाळ पुसलं, तर जिस्मी नावाच्या सर्वांत धाकट्या सिस्टरनं त्याला धरून झोपवलं आणि त्याच्या छातीवर तारा चिकटवल्या. तो बिचारा तिकिटांची चवड पोटाशी धरून विचारत होता, की फुकट आहे ना हे. प्रत्येकाशी गोड बोलणं, प्रत्येकाला पाणी, नातेवाइकांना बसायला खुर्ची. इतकी माया त्या कॅज्युअल्टीत कुणी आजवर पाहिली नव्हती. सगळ्या सिस्टर मधूनमधून छताकडं बघून हसायच्या, न जाणो कुठं कॅमेरा असला तर.

फक्त माषांचा पत्ता नव्हता. सुधर्माचा जीव टांगणीला लागला. आणि तेवढ्यात ईसीजीचा कागद संपला.

कागदाचं नवं बंडल मागायला माणूस गेला, तेही संपलं. पुन्हा मागणी गेली तेव्हा भांडारवाल्यानं शेवटचं बंडल दिलं आणि वर सुपरिटेंडंटना फोन केला, की साहेब, खाली कॅज्युअल्टीत ईसीजीचा कागद वाणसामान बांधायला वापरतायत का ते बघा. डॉ. पावुण्णी सकाळपासून आधीच वैतागलेले होते. दाढ दुखत होती. ते लिफ्टची वाट न बघता तरातरा जिने उतरून आले, एका हातानं जबडा धरलेला, कपाळावर घामाचे थेंब, आणि दारातूनच गरजले, "काय चाललंय काय हे?"

एलियाम्मा सिस्टरनं त्यांच्याकडं पाहिलं. जबड्यावर हात. घाम. चेहरा पांढराफटक. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केवढी हुशार ही सुधर्मा डॉक्टर. नकली पेशंट कोण, तर साक्षात सुपरिटेंडंट सर. कुणाच्या बापाला संशय येणार नाही.

"सर, दुखतंय का कुठं?" तिनं मधाळ आवाजात विचारलं.

"दाढ दुखतेय. त्याचं तुम्हाला काय? कागद कुठं गेला ते सांगा आधी."

दाढ दुखतेय म्हणणारा पेशंट. तिसऱ्या दिवशीच्या धड्यात होता तो. मला काही झालेलं नाही म्हणतो आणि चिडतो, हेही धड्यात होतं. सिस्टरनं मनातल्या मनात सरांच्या अभिनयाला दाद दिली आणि पोरींना खूण केली. दोघींनी सरांना दोन्ही दंडांना धरलं, जिस्मीनं स्ट्रेचर पुढं ढकललं, आणि सुपरिटेंडंट आडवे झाले.

"सोडा मला. मी पेशंट नाहीये. एलियाम्मा, मी तुम्हाला मेमो देईन."

"द्या की सर. पण झोपून द्या," सिस्टर म्हणाली आणि त्यांच्या शर्टाची बटणं काढायला लागली.

चादरींच्या खोलीत सुधर्मा ताडकन उठली. सुपरिटेंडंटना बळजबरीनं झोपवलंय म्हणजे संशोधन, शिक्षण आणि आपली नोकरी एकदमच गेली, हे तिला स्पष्ट दिसलं. नियम गेला खड्ड्यात म्हणून ती बाहेर पडणार, एवढ्यात एलियाम्मा सिस्टरच कागदाची पट्टी घेऊन तिला शोधत आत घुसली. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"डॉक्टर, तुमच्या नकली पेशंटचा ईसीजी खरा आलाय."

सुधर्मानं पट्टी पाहिली. रेषा वर उचललेल्या. हार्ट अटॅकच, शंकेला जागा नव्हती.

"सिस्टर," ती म्हणाली, "माझा नकली पेशंट अजून आलेलाच नाही."

दोघी अशा धावल्या की बोलायला वेळच उरला नाही. सरांना आतल्या खोलीत नेलं, गोळ्या चावायला दिल्या, सुई टोचली, गुठळी विरघळवायचं औषध चालू झालं. सर मेमो, मेमो म्हणता म्हणता गप्प झाले. मग त्यांनी सुधर्माचा हात घट्ट धरला. सुधर्माला त्या कंडक्टरची मूठ आठवली आणि ती मनात म्हणाली, की या वेळी नाही, या वेळी मी जाऊ देणार नाही. तासाभरानं सरांच्या तोंडावर रंग आला, तेव्हा तिला कोपऱ्यात जाऊन डोळे पुसावे लागले.

इकडं बाहेर माष पोचले. उशीर झाला कारण अख्खं नाट्यमंडळ बघायला यायचं म्हणून हटून बसलं होतं. दोन रिक्षा आणि एक जीप भरून मंडळी आली, डाळवड्यांची पुडी घेऊन बाकांवर ओळीनं बसली, आणि माष दारातून आत आले. केसांतून खोबरेल तेल गालांवर ओघळत होतं. तोच त्यांचा घाम. बायकोची, मुलांची आणि भावाबरोबरच्या जमिनीच्या वादाची आठवण काढत ते केसपेपरच्या खिडकीशी असे कोसळले, की बाकांवरून दबलेली वाहवा आली.

जिस्मीनं बाकांवरचं नाट्यमंडळ पाहिलं, फरशीवरचे माष पाहिले, तिला कळायचं ते कळलं आणि ती जवळ येऊन उभी राहिली. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं. सुपरिटेंडंट सरच नकली पेशंट होते, आपण पहिल्या झटक्यात ओळखले आणि आत आता निकाल चाललाय, एवढंच तिला माहीत.

"माष, उठा बरं. फरशीला तेल लागतंय," ती म्हणाली. "परीक्षा झाली. तुमचं काम सरांनी केलं."

माषांनी एक डोळा उघडला. "कोणत्या सरांनी?"

"पावुण्णी सरांनी. काय सुरेख केलं म्हणून सांगू. आम्हाला तर क्षणभर खरंच वाटलं."

माष तिथंच पडून राहिले. नंतर मंडळातल्या दोघांनी त्यांना उठवून बाकावर बसवलं आणि कोरा चहा पाजला. त्यांचा ईसीजी शेवटपर्यंत कुणी काढला नाही.

पावुण्णी सर कोचीला मुलीकडं गेलेत, असं हॉस्पिटलात सांगितलं गेलं. तिथं त्यांच्या हृदयाची नळी उघडून आत जाळी बसवली, हे सुधर्मा, एलियाम्मा सिस्टर आणि दोघा-तिघांनाच ठाऊक. महिन्याभरानं सर परत आले आणि त्यांनी सुधर्माला खोलीत बोलावलं. थोडे वाळले होते, पण खुर्चीत नेहमीसारखे ताठ बसले होते.

तिनं खरं ते सांगितलं. संशोधनाचा शेवटचा पेशंट नापास झाला. तो फरशीवर पडून होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. शिवाय आदल्या रात्री बातमी फुटली होती, तेव्हा त्या दिवसाचं काहीच धरता येणार नाही. तसं ती अहवालात लिहिणार आहे. अटीप्रमाणे शिक्षण बंद, हेही तिला मान्य आहे. 

सरांनी खुर्ची पुढं ओढली. मग विचारलं, "माझा ईसीजी किती मिनिटांत निघाला?"

"चार, सर."

"केसपेपर?"

"नव्हता काढला."

"हं." सरांनी समोरचा कागद ओढला आणि शिक्षण सगळ्या विभागांत सक्तीचं करावं, असं लिहून सही केली. मग टोपण लावत म्हणाले, "एक आहे. मला दोन पोरींनी उचलून आडवं केलं, हे गावभर झालंय. मी ते मुद्दाम केलं होतं, अशी लोकांची समजूत आहे. ती राहू दे. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे तूच शिकवतेस ना?"

सुधर्मा जवळजवळ नाचतच खाली आली. कॅज्युअल्टीच्या दाराशी वेलायुधन माष वाट बघत उभे होते. महिन्याभरात तेही वाळले होते. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी सुपरिटेंडंटांचा अभिनय होता. नाट्यमंडळानं तर ओणम सणाच्या नाटकात बापाचं काम सरांना विचारायचं ठरवलं होतं. माषांनी तिला बाजूला घेतलं आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली केला.

"पोरी, मला राग नाही. चांगल्याला चांगलं म्हणायची माझी दानत आहे. फक्त एक सांग. त्यांनी घाम कसा आणला?"

सुधर्मानं वर सुपरिटेंडंटांच्या खिडकीकडं पाहिलं. मग म्हणाली, "त्यांची तयारी फार वर्षांची होती, माष."