युनूस सुभेदारांच्या दुपारच्या झोपेची मोहीम

समस्त गृहकर्जदार रयतेस व होणाऱ्या फ्लॅटधारकांस विदित व्हावे की, वाकड प्रांती वैशाखाची आग उतरली असता चिंचवडकर साबियाबीबींनी घरखरेदीची मोहीम मांडली, तिची हकीकत ऐसी.

बीबींचे खाविंद युनूस सुभेदार महाळुंग्यास कारखान्यात कायम रात्रपाळीवर तैनात, आणि दिवसा निजावे तर भाड्याचे घर वरल्या मजल्याचे, स्लॅब तव्यासारखा तापे, मग सुभेदार पाळीवर यंत्रापुढे पेंगत, आणि मागल्या महिनी बोटे यंत्रात जाता जाता वाचली. तेव्हा बीबींचा हुकूम जाहला की, दिवसा झोप येईल तेच घर घेणे. तरणतलाव गेला चुलीत.

वाकडास दोन गड, म्हणजे नव्या इमारती, समोरासमोर. एकास वीजबचतीचे प्लॅटिनम प्रमाणपत्र, दुसऱ्यास अवघे तीन तारे. प्लॅटिनमचे किल्लेदार जयसिंगराव, गळ्यात टाय, यांनी गुणांचा तक्ता उलगडला आणि सायकलतळाचे गुण, मग कचऱ्याच्या डब्यांचे गुण, मग जिन्यातल्या दिव्यांचे गुण वाचून दाखविले. बीबींनी सवाल केला की, पश्चिमेस भिंतभर काच आहे, तिचे गुण किती?

"मॅडम, तो व्ह्यू आहे," जयसिंगराव वदले.

मग बीबींनी रिमोट हस्तगत करून एसी बंद केला आणि सुभेदारांस नमुना-फ्लॅटातल्या पलंगावर निजण्याची आज्ञा केली, आणि सुभेदार रात्रपाळीनंतर दुपारपर्यंत जागेच, बूट काढून आडवे जाहले, आणि काच तापली, आणि गादी तापली, आणि सुभेदार कुशीवर, मग पालथे, मग

(येथील मजकूर घामाने पुसला आहे.)

उठून बसले. "साबिया, ह्यापेक्षा कंपनीची भट्टी बरी गं!"

जयसिंगरावांनी टाय सैल करून कबूल केले की, प्रमाणपत्र नकाशास मिळाले; बांधलेले घर अद्याप कोणी तपासिले नाही.

फौज समोरच्या गडावर चालून गेली. तेथील किल्लेदार हीना ओशाळून सांगत्या जाहल्या की, सायकलतळ नाही, सबब तारे कमी पडले. परंतु भिंत जाड विटेची, खिडकी उत्तरेची, वर रुंद छज्जा. एसी बंद झाला, पंखाही बंद झाला, आणि सुभेदार निजले, आणि घोरू लागले, ऐसे की जिन्यातली गिऱ्हाइके आत डोकावली. वैशाखात पंख्याविना निजलेला मनुष्य पाहून ती थक्क जाहली, मग हीना टोळीटोळीने गिऱ्हाईक आणून सुभेदारांचे दर्शन घडवू लागल्या, आणि वरून मालकाचा फोन आला की, भाव चढविणे.

"चढवा की खुशाल," साबियाबीबी म्हणाल्या. "मी ह्यांना उठवून घरी नेते."

"नको ताई! खाली अजून दोन पार्ट्या थांबल्यात!"

तत्काळ तह ठरला. जुनाच भाव कागदी लिहून हीनांनी सही केली, बीबींनी केली. तिसरी सही सुभेदारांची हवी होती, परंतु त्यांस उठविण्याची हिंमत दोन्ही पक्षांस होईना, सबब अवघा दरबार चपला हाती घेऊन, श्वास रोधून, दाराशी तिष्ठत राहिला. साबियाबीबींची फत्ते येणेप्रमाणे दाखल केली असे.