परवा सांगणारे महाजन सर

लालबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या महाजन सरांना काहीही विचारा, उत्तर परवा मिळतं. मी घराला नवा रंग दिला तेव्हा हौसेने विचारलं, "कसा दिसतो?" सर भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले नि म्हणाले, "परवा सांगतो." तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. "हिरवा जास्त झाला," एवढं सांगून सर परत गेले. तोवर रंगारी दुसऱ्या गल्लीत कामाला लागला होता.

खोड त्यांच्या कामाने लावलेली. सर दवाखान्याच्या लॅबमध्ये जंतू उगवायला ठेवतात. पेशंटचं रक्त, लघवी, पू काचेच्या ताटलीत लावायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं, मग कुठला जंतू आणि तो कुठल्या औषधाने मरतो ते कळतं. घाई चालत नाही.

मला मात्र घाईच कळते. दापोरा गावात डोक्यावर केळीचे घड वाहण्यापासून सुरुवात करून मी व्यापारी झालो, तो जिभेच्या जोरावर. माझ्या बायकोचा, मंगलचा ताप उतरेना, तेव्हा मी लॅबच्या खिडकीशी उभा राहून घासाघीस केली होती.

"सर, दोन दिवसांचा एक करा. घरचा माणूस आहे मी."

"सेठ, जंतू मंडी में नहीं बैठते," सर म्हणाले. "उगवू द्या."

तिसऱ्या दिवशी ते स्वतः वॉर्डात रिपोर्ट घेऊन धावत आले. इंजेक्शन बदललं. मंगल घरी आली.

म्हणून मी ठरवलं, आपली मुलगी दीपाली याच लाइनीत घालायची. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग एमएस्सी, मग सरांच्याच लॅबमध्ये नोकरी. सरळ रस्ता. सरांना विचारलं, तो केवळ मान म्हणून. ते म्हणाले, "परवा सांगतो."

परवा आले आणि दीपालीसमोर म्हणाले, "वर्षभर थांबू द्या हिला. पुन्हा परीक्षा. एमबीबीएस, त्यानंतर मायक्रोबायोलॉजीत एमडी."

"आणि बीएस्सी-एमएस्सी?"

"काम शिकेल. पण आमच्याकडे रिपोर्टवर सही एमडीची चालते."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही त्याच रस्त्याने जाऊन जन्मभर पगार घेतला ना? मग माझ्या पोरीचं वर्ष कशाला उधळता?"

सर उठून गेले. दीपालीने बीएस्सीचा फॉर्म मंगलच्या हातात दिला आणि म्हणाली, "पप्पा, मला थांबायचंय." तो राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. माझ्या घरात येऊन माझा सौदा मोडणारा हा कोण?

दुसऱ्या दिवशी भांडायलाच लॅबमध्ये गेलो. "हिचा नंबर पुन्हा हुकला तर? जबाबदार कोण?"

सरांनी 'परवा' म्हटलं नाही. लोखंडी कपाट उघडलं. आत जाड वह्यांच्या थप्प्या. एक वही काढून पान उघडलं. मंगल, वय, वॉर्ड. जंतूचं नाव. लागू पडणारं औषध. खाली निळ्या शाईत ठसठशीत सही: महाजन.

"ही सही कुठे लागते?" मी विचारलं.

"कुठेच नाही. रिपोर्ट बड्या डॉक्टरांच्या सहीने जातो. ते बरोबरच आहे, तसा कायदा. पण ताटली मी वाचली, हे कुठेतरी असावं ना? म्हणून रोज घरी जाण्याआधी लिहून ठेवतो." त्यांनी पान हाताने सारखं केलं. "दीपालीला अशी वही करावी लागू नये."

खाली माझा केळीचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"सेठ," सर जरा अडखळत म्हणाले, "ही वही आजवर कुणी पाहिली नाही. थोडा वेळ असेल, तर आणखी दोन-चार पानं दाखवू?"

मी खुर्ची ओढली.