टकटक्यांचा खणवाला फोन

"यापुढे माझ्या हातून एक अक्षर चुकणार नाही!" टकटक्यांनी भर जेवणात जाहीर केलं आणि ताटाशेजारी एक काळा, जाडजूड फोन ठेवला.

टकटके हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत ते तीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या टाइपरायटरच्या आवाजाने हे नाव पडलं. टाइपरायटर भंगारात गेला, टकटके हेडक्लार्क झाले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरच्यांखेरीज सगळे त्यांना टकटके म्हणत आणि एकूण तेही खूश होते.

त्यांचं वैर होतं ते काचेच्या फोनशी. त्यांची बोटं पडली भेंडीएवढी. एक अक्षर दाबावं तर शेजारची दोन आपणहून पुढे यायची! एकदा त्यांनी "साहेब, मी आजारी आहे" असं लिहिलं, ते "साहेब, मी आभारी आहे" होऊन गेलं. साहेबांनी उलट विचारलं, "कशाबद्दल?"

म्हणून हा नवा फोन. म्हणजे जुनाच, मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या कपाटात बरीच वर्षं पडून होता. वरचा पडदा अंगठ्याने सरकवला की 'खटॅक्' आवाज होई आणि खालून कपाटाच्या खणासारखा बटणांचा कीबोर्ड बाहेर येई. खरीखुरी, दाबली की दबणारी बटणं! अक्षरं इंग्रजी होती, पण त्यात काय? सगळं जग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितंच.

"पण बाबा, लिहिताना पडद्याकडे बघत जा," लेक म्हणाली.

टकटके हसले. पट्टीच्या पोहणाऱ्याला कुणी पाण्यात जपून जा म्हटलं की तो हसतो, तसं.

"अगं, खरा टायपिस्ट बटणांकडे बघत नाही, कागदाकडेही बघत नाही. तो साहेबाच्या तोंडाकडे बघतो!"

शनिवारी दुपारी टकटके आरामखुर्चीत बसले. एका हातात चहा, बशीत बिस्किटं आणि मांडीवर खण उघडलेला फोन. मराठी माणसाला सुट्टीच्या आदल्या दिवशी जेवढे निरोप येतात तेवढे वर्षभरात येत नाहीत. टकटक्यांनी बिस्किट चावत, खिडकीबाहेर बघत एकेकाचा निकाल लावला.

साहेबांचा निरोप होता, 'उद्या गोदामातल्या मालाची मोजणी आहे, याल का?' टकटक्यांनी खटाखट उत्तर लिहिलं, 'रविवारी वेळ नाही.'

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं होतं, 'तीन दिवस बाहेरगावी जातेय, आमच्या कुत्र्याला ठेवून घ्याल का?' त्यांना लिहिलं, 'आम्हाला कुत्र्यांची सवय नाही.'

मेव्हण्याला ट्रंपेट शिकायचं वेड लागलं होतं आणि त्याच्या घरमालकाला ते मुळीच सोसवत नव्हतं. 'दाजी, तुमच्याकडे सरावाला येऊ का?' त्याला लिहिलं, 'आमच्याकडे जागा नाही.'

आणि सगळ्यात महत्त्वाचा निरोप दंतवैद्यांचा! लेकीने आपला नवरा आपणच निवडला होता. मुलगा गुणी, आणि त्याचे वडील दातांचे डॉक्टर. त्यांनी अदबीने विचारलं होतं, 'उद्या अकराला येऊन लग्नाचं पक्कं करू म्हणतो. तुमची काही हरकत?' टकटक्यांनी चहाचा घोट घेतला, आणखी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि लिहिलं, 'आमची हरकत आहे कुठे? काहीच हरकत नाही.' मग एवढं लांब कशाला म्हणून ते सगळं खोडलं आणि नुसतं लिहिलं, 'काही हरकत नाही.'

खटॅक्! खण बंद. चार निरोप, चार मिनिटं. टकटके तृप्त मनाने झोपले.

रविवारी सकाळी साडेनऊला दारावरची घंटा वाजली. दारात खालच्या बाई, हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वासराएवढा कुत्रा!

"तुमचे उपकार कसे फेडू!" बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला कुत्र्यांची सवय आहे, हे मला ठाऊकच नव्हतं हो!"

"मला तरी कुठे ठाऊक होतं," टकटके म्हणाले. पण तोवर पट्टा त्यांच्या हातात आला होता आणि बाई जिन्यातून नाहीशा झाल्या होत्या. खाली टॅक्सी उभीच होती.

"अहो, हे काय?" बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"कुत्रा आहे."

"ते दिसतंय मला! आपल्याकडे कसा?"

"मी तर नाही म्हणून कळवलं होतं!"

कुत्र्याने आधी टकटक्यांकडे पाहिलं, मग सोफ्याकडे, आणि सोफा पसंत केला. बायको पुढे काही बोलणार एवढ्यात पुन्हा घंटा!

"दाजी, देवमाणूस तुम्ही!" मेव्हण्याने आत येताच टकटक्यांना मिठी मारली. त्याच्या काखेत ट्रंपेटची पेटी होती. "सगळ्यांनी मला हाकललं. तुम्ही एकटे म्हणालात, जागा आहे!"

"कधी म्हणालो?"

"काल! लेखी!"

मेव्हण्याने पेटी उघडून नुसता एक सूर तपासला. तो ऐकून सोफ्यावरच्या कुत्र्याने मान वर केली आणि असा लांबलचक हेल काढला, की शेजारच्या इमारतीतल्या चार खिडक्या पटापट बंद झाल्या. मेव्हण्याचे डोळे भरून आले. आजवर त्याला साथ देणारं कुणी भेटलंच नव्हतं!

तेवढ्यात फोन वाजला. साहेब!

"टकटके, कुठे आहात? आम्ही दहा जण गोदामाबाहेर उभे आहोत. आत चारशे दारं, आणि आम्हाला एक दार उघडता येत नाहीये! किल्ली तुमच्याकडे आहे."

"पण साहेब, मी तुम्हाला काल कळवलं..."

"कळवलंत ना, रविवारी वेळ आहे म्हणून! म्हणून तर मी दुसरी किल्ली घरी ठेवून आलो. आणि मागे ते कोण रडतंय?"

"कुणी नाही, साहेब. मेव्हणा आणि कुत्रा आहेत. जरा थांबा, मी लेखीच पाठवतो!"

लेखी पाठवलं की वाद राहत नाही, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी खटॅक् करून खण उघडला आणि छताकडे बघत लिहिलं, 'मी येत नाही.'

साहेबांचं उत्तर आलं, 'छान. लवकर या.'

टकटक्यांनी बटणं आणखी जोरात दाबली. त्यांनी लिहिलं, 'शक्य नाही.'

साहेबांनी लिहिलं, 'शक्य आहे हे मलाही माहीत आहे. निघा!'

आता मात्र टकटके मटकन खाली बसले. आपण वेडे झालो की जग वेडं झालं? एक वेळ एका माणसाची समजूत चुकेल, तिघांची एकदम कशी चुकेल? नाही म्हणावं तर आहे ऐकू जातंय. मग आहे म्हटलं तर काय होईल? त्यांनी हळूच बायकोला विचारलं, "माझा चेहरा बरा आहे ना? म्हणजे मी बोलतो ते तुला सरळ ऐकू येतं ना?"

"मला काही ऐकू येत नाहीये!" बायको ओरडली, कारण कुत्रा आणि मेव्हणा दुसऱ्या सुराला लागले होते. "पाहुणे अकराला येतील, या दोघांना आधी आवरा!"

पण पाहुणे अकराला आलेच नाहीत. ते साडेदहालाच आले. दंतवैद्य आणि त्यांची पत्नी, दोघंही तोंडं घट्ट मिटून. आणि दातांच्या डॉक्टरने तोंड मिटलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"बसायला आलो नाही," दंतवैद्य म्हणाले. बसायला जागाही नव्हती; सोफ्यावर कुत्रा होता. "एवढंच विचारायचंय. दुखणं नेमकं कुठे आहे?"

"कुणाचं दुखणं?" टकटक्यांनी विचारलं.

"तुमचं! तुमची हरकत काय आहे? मुलात खोट आहे, की आमच्या घरात? लपवू नका. मी रोज लोकांना तोंड उघडायला लावतो."

लेक आतून बाहेर आली होती. तिने बापाकडे रोखून पाहिलं. "बाबा, तुम्ही हरकत घेतलीत?"

"अगं, नाही! मी स्पष्ट लिहिलं, काही हरकत नाही!"

"तुम्ही लिहिलंत, काही हरकत आहे!" विहीणबाई होऊ घातलेल्या बाई म्हणाल्या. "रात्रभर आमच्या मुलाने पाणीसुद्धा घेतलं नाही. हिला फोन करू का नको, याच विचारात बसून होता."

"थांबा!" टकटक्यांनी छातीवर हात ठेवला. "माझं अक्षर चुकत नाही. तुमच्यादेखत पुन्हा लिहितो, मग तर झालं?"

खटॅक्! मान ताठ, नजर थेट दंतवैद्यांच्या तोंडाकडे. खटाखटा खटाखटा. दंतवैद्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"पुन्हा! तोंडावर! काही हरकत आहे!"

दंतवैद्यांची पत्नी दाराकडे वळली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. टकटके दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. आत जावं की बाहेर, हेही त्यांना कळेना. मग लेकच पुढे झाली आणि तिने त्यांच्या हातातून फोन घेऊन पडद्याकडे पाहिलं. टकटक्यांनी लिहिलेलं त्या पडद्यावर वाचून बघणारी त्या घरात ती पहिलीच!

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "तुमचा एन कुठे गेला?"

"कोण एन?"

"एन, ए, एच, आय. नाही. इथे एन उमटतच नाहीये. राहिलं ए, एच, आय. म्हणजे आही. लोक ते आहे असंच वाचणार ना! सगळीकडे तेच झालंय. हे बघा, साहेबांना वेळ आही, मामाला जागा आही..."

मेव्हण्याने ट्रंपेट खाली ठेवलं. दंतवैद्यांनी फोन मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि खण पुरता उघडून वाकून आत पाहिलं. त्यांचा सगळा राग उतरला. त्या जागी धंद्यातली उत्सुकता आली.

"इथे काहीतरी अडकलंय," ते म्हणाले. "टाचणी आहे का? आणि जरा कुणीतरी उजेड धरा."

बायकोने टाचणी दिली, लेकीने टॉर्च धरला. दंतवैद्यांनी एनच्या बटणाची कड हलकेच उचलली आणि बिस्किटाचा एक कण अलगद बाहेर काढला. "दुखेल का?" असं टकटक्यांनी विचारलं, ते का, हे त्यांना अजून सांगता येत नाही.

मग काय विचारता! आधी विहीणबाई हसल्या, मग सगळेच. मुलाला फोन गेला आणि तो वीस मिनिटांत पोहोचला, शर्ट उलटा घालून! लग्न पक्कं झालं. मेव्हण्याच्या हाती किल्ली देऊन त्याला ट्रंपेटसकट गोदामाकडे पिटाळलं. कुत्रा मात्र राहिला, कारण तीन दिवस तो जाणार कुठे?

संध्याकाळी टकटके पाय पसरून बसले. दिवसभर सगळ्यांना तेच सांगून त्यांच्यात जीव आला होता. "माझी एक चूक नाही! सगळा घोटाळा त्या एका एनचा."

बायको शेजारी येऊन बसली आणि तिने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. "काल संध्याकाळी मी शिंपिणीकडून तुम्हाला फोटो पाठवला होता. विचारलं होतं, या नव्या पोशाखात मी जाड दिसते का? आठवतंय?"

"हो! आणि तेही चुकीचंच गेलं असणार!" टकटके घाईघाईने म्हणाले. "मी नाही असंच लिहिलं असणार. एन गळला, काय करणार!"

"वाचा."

टकटक्यांनी वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'थोडीशी.'

"आता यात एन कुठे येतो," बायको म्हणाली, "तेवढं दाखवा."

टकटके बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. आयुष्यात एवढ्या बारकाईने त्यांनी कुठलंच लिखाण तपासलं नव्हतं. आणि खरंच सांगतो, त्यात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.