ताडपत्रीवरचं मेडल

पाय जुळलेले. गुडघे सैल. नजर समोर, खाली नाही.

पॉलिश संपलं होतं, म्हणून लिंबू आणि मीठ.

माणसं पुष्कळ, पॅराशूट मोजकी.

चष्म्याचं दुकान दुपारी जेवणासाठी बंद.

ओली फीत वाळवायला गॅलरीच्या कठड्यापेक्षा चांगली जागा कुठली?

वारा.

तर असं सगळं जुळून आलं आणि उस्तादांच्या मेडलने उस्तादांच्या आधी उडी मारली. सूनबाईने घासूनपुसून कठड्यावर ठेवलेलं ते मेडल पहिल्या मजल्यावरून सुटलं आणि खालच्या चष्म्याच्या दुकानावर ताणलेल्या ताडपत्रीच्या मधोमध जाऊन बसलं.

"बाबा, पडलं हो!" सूनबाई किंचाळली.

"पडलं नाही, उतरलं," उस्ताद वाकून बघत म्हणाले. "पण चुकीचं उतरलं. पाठीवर."

संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सैन्यात पॅराशूटचं प्रशिक्षण नुकतंच सुरू झालं, तेव्हा पहिल्या तुकडीला उडी शिकवणारे हेच उस्ताद. सगळे आपापली मेडलं लावून येणार आणि पहिला मान उस्तादांचा. मोकळ्या छातीने जायचं कसं?

आधी फरशी पुसायचा दांडा घातला. पोचेना. मग तो झाडूच्या टोकाला बांधला. गाठ सुटली आणि दांडा मेडलशेजारी जाऊन आडवा झाला. मेडल ओढून घ्यायला दोरीला बादली बांधून सोडली. ती कलंडली, तळाशी उरलेलं पाणी रस्त्यावरच्या एका गृहस्थांच्या डोक्यावर गेलं आणि दोरी हातातून सटकून बादलीही तिथेच मुक्कामाला राहिली. फ्रिजवरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधलं, तर ते मेडलला ओळखसुद्धा न दाखवता ताडपत्रीच्या लोखंडी नळीला चिकटलं. अर्धं घर खाली उतरलं. मेडल जागचं हललं नाही.

"बाबा, तुम्ही तर विमानातून एवढ्या उड्या मारल्यात," सूनबाई हताश होऊन म्हणाली. "आणि हे इथे, नाकासमोर पडलंय!"

घरातली ही समजूत उस्तादांनी करून दिली नव्हती, आणि मोडलीही नव्हती. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. उस्तादांनी टेबलावरून उड्या शिकवल्या, चालत्या ट्रकच्या मागून शिकवल्या, झाडाला दोर टांगून धडधाकट माणसांना लोंबकळत ठेवलं. विमानाच्या दारात उभं राहून एकेकाच्या खांद्यावर थाप मारत "जा!" म्हटलं. स्वतः मात्र एकदाही उडी मारली नाही. "तुझा पाय मोडला तर यांना शिकवणार कोण?" साहेब म्हणायचे. पुढे पॅराशूट ढिगाने आली, पण तोवर उस्तादांचं वय निघून गेलं होतं.

उस्तादांनी चपला काढल्या. स्टूल ओढलं. एक पाय कठड्यापलीकडे टाकला, मग दुसरा.

"अहो!" बायकोने धावत येऊन मागून सदरा पकडला.

खाली गर्दी जमली. ओल्या डोक्याचे गृहस्थ राग विसरून ओरडले, "आजोबा, असं काही करू नका! सुनेशी पटत नसेल तर वेगळे राहा!"

"चांगलं पटतं आमचं!" सूनबाई वरून ओरडली.

"मग म्हातारा कठड्याबाहेर कसा?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

उस्तादांच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. खाली ताणलेलं कापड, अंगावर वारा. पाय आपोआप जुळले. गुडघे मात्र सैल व्हायचे सोडून ताठ झाले. आणि ज्या चुकीसाठी त्यांनी पोरांना मैदानाभोवती पळवलं होतं, तीच त्यांनी केली. खाली पाहिलं.

"मेडलसाठी जाताय?" बायकोने हळूच विचारलं.

उस्तादांनी नजर उचलून समोर लावली.

तिने सदरा सोडला.

आता फक्त कोणीतरी "जा" म्हणायला हवं होतं. पण तो शब्द जन्मभर उस्तादांचा. दुसऱ्या कोणाला सुचणार कसा? ते स्वतःच म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात खाली करकर आवाज झाला आणि ताडपत्री त्यांच्या पायांखालून भिंतीकडे गुंडाळली जाऊ लागली. दांडा घरंगळला, बादली आदळली, आणि शेवटी मेडल घसरत येऊन चष्मेवाल्याने पुढे केलेल्या हातात पडलं.

"आधी सांगायचं ना, उस्ताद!" दुसऱ्या हाताने हँडल धरून तो म्हणाला. "हे फिरवलं की झालं. एवढ्यासाठी कोणी उडी मारतं का?"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यासाठी.

मेळाव्याला जाताना गाडीत बायको त्यांच्या कोटावरची फीत सरळ करत होती.

"आणखी जरासा वेळ मिळाला असता ना..." उस्ताद खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"तर मारली असतीत."

"तुला काय माहीत?"

"सदरा ओढ घेत होता."

चष्मेवाल्याच्या घरी त्या दुपारी भाजी करपली होती, म्हणून तो न जेवताच दुकानात परतला होता.