मार्सेलभाऊंचा फ्रेंच पोरगा एक नंबर

सायकलीतलं मला कुणी शिकवू नका! आमच्या ह्यांचं नागपूरला इंदोऱ्यात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं, की नुसत्या पोटऱ्या बघून मी सांगायची, हा पंक्चर करून आणणार! आणि भीमजयंतीला वस्तीत स्लो सायकलची शर्यत व्हायची ना, पाय न टेकवता शेवटी पोचेल तो पहिला, तिची तर मी चॅम्पियन. एकदा इतकी हळू चालवली, की मागच्या चाकात चिमणीनं घरटं बांधायला घेतलं!

हे सगळं मी अमेरिकेत ॲन आर्बरला शेजारच्या मार्सेलभाऊंना सांगून बसले, आणि तिथंच माझं नाक कापलं जायची सोय झाली.

त्या उन्हाळ्यात मी बुद्धभूषणकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे आलेली. तो आणि सून रोशनी सकाळी ऑफिसला गेले, की मी आणि टीव्ही. मार्सेलभाऊ फ्रेंचचे रिटायर्ड मास्तर. बायको वारलेली. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, टीव्ही बंद, पेपर बंद. रेडिओ लावावा, तर सगळी अमेरिका अटलांटाच्या ऑलिंपिकमागे वेडी!

एक दिवस कुंपणाशी येऊन म्हणाले, "मादाम गिरजा, टूर द फ्रान्स सुरू झाली. अकरा वर्षं आमचा माणूस जिंकला नाही. डोळे मिटायच्या आधी एकदा जिंकलेला बघायचाय. तुम्ही टीव्ही बघा आणि मला सांगा, फ्रेंच पोरं कुठं आहेत. तुम्हाला तर सायकलीतलं कळतं!"

बुद्धभूषणनं मला मराठीत समजावून सांगितलं. "आई, तीन आठवडे चालते ही रेस."

तीन आठवडे! म्हणजे मी लगेच ओळखलं. तीन आठवडे लावतात म्हणजे स्लोच असणार!

टीव्ही लावला तर खात्रीच पटली. सायकलवरच खातायत, पितायत, एकमेकांशी गप्पा मारतायत. पुढं काही आचरट पोरं जीव खाऊन पळत होती, ती बाद. आणि सगळ्यांच्या मागं, डोंगराच्या चढावर एकटाच एक पोरगा! नाकाला पट्टी, मागं गाडी. कासवानं ओव्हरटेक करावं अशी चाल! आणि लोक टाळ्या वाजवतायत, त्याच्याच नावानं ओरडतायत. टीव्हीवाला बोलताना 'फ्रेंच' एवढं मला नीट ऐकू आलं. अजून काय पुरावा पाहिजे?

मी पदर खोचून कुंपणाकडे धावले.

"मार्सेलभाऊ! फ्रेंच बॉय नंबर वन!"

"डोंगरातसुद्धा?"

"माउंटन, नंबर वन! फूट नो टच ग्राउंड!"

"पाय टेकवत नाही!" मार्सेलभाऊ आभाळाकडं बघून ओरडले. पट्टीतून काय दिसलं कुणास ठाऊक! "नाव काय त्याचं?"

फ्रेंच नाव माझ्या जिभेवर कसलं चढतंय! त्यांनीच दोन-तीन नावं घेतली, मी शेवटच्याला "येस, येस" म्हटलं.

मग रोजचंच झालं. मी बातमी द्यायची, म्हाताऱ्याचं तोंड खुलायचं. काठी टेकत अंगणात फिरायला लागले, दोन वेळा जेवायला लागले. मीही थोडं तिखटमीठ लावत गेले. "काल पाऊस पडला, बाकीचे घसरले, आपला पोरगा एका हातानं छत्री धरून!"

लाल ठिपक्यांच्या शर्टातला एक फ्रेंच पोरगा मात्र सारखा पुढं पुढं पळत होता. देशाचं नाव घालवायला निघालेला! पण आजारी माणसाला कशाला दुखवा, म्हणून त्याचं नावच काढलं नाही.

मार्सेलभाऊंनी शेवटच्या रविवारी सगळ्या गल्लीला बोलावलं. मागं फ्रेंच माणूस जिंकला तेव्हा घेतलेली शॅम्पेनची बाटली काढली. मी रिकोटा चीज आणि दूध पावडरचे परातभर पेढे वळले.

"आई, नक्की ना?" रोशनीनं विचारलं.

"अगं, तुझ्या सासऱ्याचं सायकलचं दुकान होतं!"

तिनं पेढ्यांची परात झाकली.

रविवारी टीव्ही अंगणात आणला. मार्सेलभाऊंच्या पट्ट्या आदल्या दिवशी निघालेल्या, काळा चष्मा, अंगात निळा सूट. बाटलीवर हात ठेवून बसलेले. आणि पडद्यावर पिवळ्या शर्टातला माणूस हात वर करून हसला.

"हा तर डेन्मार्कचा!" मार्सेलभाऊ म्हणाले. "हा कशाला हसतोय?"

"हसू द्या हो," मी म्हटलं. "बिचारा घाई करून बाद झाला. आपला पोरगा अजून मागंच आहे. वेट!"

बुद्धभूषणनं हे इंग्लिशमध्ये सांगायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "शेवटी येतो तो जिंकतो, असं समजत होतीस का तू?"

"मग? जयंतीला तर—"

"अगं, ही फास्ट रेस आहे!"

"आणि तो ठिपकेवाला फ्रेंच? तो तिसरा आलाय!" रोशनी टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाली. "मार्सेलकाकांना सांगितलं नाहीत?"

काय सांगू! हातातला पेढा तोंडात घालावा की तोंड पदरात, तेच कळेना. ज्याच्यावर खूश व्हायचं, तो मी लपवला, आणि सगळ्यात शेवटच्याच्या नावानं म्हाताऱ्याला तीन आठवडे नाचवलं!

बुद्धभूषणनं हा सगळा घोळ इंग्लिशमध्ये सांगितला. मार्सेलभाऊंनी बाटली जवळ ओढली. मग म्हणाले, "माझा तो पोरगा पॅरिसला पोचला का?"

"पोचला," बुद्धभूषण म्हणाला. "शेवटचा."

"पाय न टेकवता?"

मी मान हलवली. आणि म्हाताऱ्यानं फटकन बूच उडवलं! सगळ्यांचे ग्लास भरले, माझ्या हातात लिंबू सरबत दिलं. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! मार्सेलभाऊ गॅरेजमध्ये गेले आणि आपली जुनी सायकल ढकलत घेऊन आले.

"आता चॅम्पियन आपल्याला स्लो सायकल दाखवणार!"

गल्ली टाळ्या वाजवायला लागली. मी हँडल धरून उभी. बुद्धभूषण कानाशी आला.

"आई, खरं सांग, सायकलवर कधी बसली होतीस तरी का?"

"बसले होते की!"

"कुठल्या?"

"दुकानातल्या," मी पुटपुटले. "स्टँडवर लावलेल्या."