दोन जावांमधली गोधडी

"चौकोन हरवतात ते बेशिस्त बायकांचे," व्हर्नाने चर्चच्या तळघरात, सगळ्याजणींसमोर, हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता जाहीर केलं. पाळकसाहेब लवकरच कायमचे दुसऱ्या गावी जाणार होते. प्रत्येकीने कापडाच्या एकेका चौकोनावर दोऱ्याने आपलं नाव भरायचं, व्हर्नाने ते चौकोन जोडायचे आणि ती गोधडी त्यांना निरोपाला द्यायची, असं गुपचूप ठरलं होतं. मिनेसोटाच्या त्या गावात गोधडी जोडावी तर व्हर्नानेच, याबद्दल निदान व्हर्नाला तरी शंका नव्हती.

अडचण होती ती आर्डिस आणि थेल्माची. या दोघी सख्ख्या जावा. सासू गेली आणि तिचं लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांचं लाटणं आर्डिसने उचललं, तेव्हापासून दोघींत अबोला.

"तिच्या नावाला माझं नाव लागलं तर मी कात्री घेऊन येईन," आर्डिसने बजावलं होतं. थेल्माने नुसती पिशवी उघडून कात्री दाखवली.

म्हणून व्हर्नाने दोघींना पहिल्या ओळीत, पण दोन टोकांना बसवलं. पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर सगळे चौकोन ओळीने मांडले. प्रत्येकाला टाचणीने नंबराची चिठ्ठी लावली. मग नवऱ्याला दम भरला, "ओर्विल, त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

ओर्विल शब्दाचा पक्का. संध्याकाळी पत्ते खेळायला मंडळी आली, तेव्हा तो त्या खोलीच्या दाराबाहेरच उभा राहिला आणि दर हिवाळ्यात सांगतो तेच त्याने प्रत्येकाला सांगितलं, "कोट आतल्या पलंगावर टाका." स्वतः त्याने आत पाऊल टाकलं नाही.

व्हर्ना सँडविचचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली, सहज त्या खोलीत डोकावली, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पलंग दिसतच नव्हता. तिथे लोकरी कोटांचा डोंगर उभा होता. तिला किंचाळायचं होतं, पण शेजारच्या खोलीत खुद्द पाळकसाहेब पत्ते पिसत बसले होते.

"व्हर्नाताई, बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारलं.

"छान आहे मी," व्हर्ना म्हणाली आणि त्यांच्या कॉफीत मोहरीची चटणी घातली.

निघायची वेळ झाली आणि जो तो आपला कोट चढवून दाराशी आला. टाचण्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पाळकसाहेबांनी निरोप घेऊन पाठ फिरवली, तर दोन खांद्यांच्या मधोमध लाल दोऱ्यात 'आर्डिस', वर नंबर एक! आणि त्यांच्या मागे कोण, तर थेल्मा. तिचा आ वासलेला.

व्हर्नाने झेप घेतली. "पाठीला बर्फ लागलाय हो," म्हणत तिने चौकोन खेचला.

"अजून तर मी बाहेरही गेलो नाही," पाळकसाहेब चक्रावले.

मग व्हर्ना एप्रनवरच अंगणात धावली आणि शेवटच्या गाडीपर्यंत जो दिसेल त्याची पाठ झटकत सुटली. व्हर्नाला वेड लागलं यावर त्या रात्री गावाचं एकमत झालं. चौकोन सगळे मिळाले, नंबरांच्या चिठ्ठ्या मात्र बहुतेक गळून पलंगभर विखुरल्या होत्या. पुढची जोडणी तिने निव्वळ आठवणीवर केली. आर्डिस या टोकाला, थेल्मा त्या टोकाला, एवढं मात्र तिने दहादा तपासलं.

अस्तर लावण्याआधी जोडकाम सगळ्यांना दाखवायचं, हा तळघराचा रिवाज. आर्डिसने आपलं टोक दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला नकार दिला. थेल्मानेही. गोधडी आडवी ताणून दोघी पहिल्या ओळीची, उशाकडची टोकं धरून उभ्या राहिल्या, पायथ्याची टोकं आणखी दोघींनी धरली, आणि बायकांनी वाहवा केली. कॉफीचा कप हातात घेऊन व्हर्ना ती ऐकत होती.

"घडी करा आता," मागून कोणीतरी म्हणालं. "टेबल हवंय."

घडी करायची म्हणजे टोकाला टोक! गोधडीची घडी होते, हे व्हर्नाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही जावा एकमेकींकडे चालू लागल्या. जवळ, आणखी जवळ, आणि आर्डिसच्या नावावर थेल्माचं नाव जाऊन टेकलं. आर्डिसचे ओठ हलले.

"थेल्मा, आपण उशाकडे उभ्या आहोत. सगळी नावं आपल्याला उलटी दिसली. मग चौथ्या ओळीतलं ते एकच सुलट कसं गं?"

"मघापासून तेच बघतेय मी," थेल्मा म्हणाली. "पण बोलणार कोणाशी?"

दोघींनी मिळून घडी पुन्हा उलगडली आणि डोक्याला डोकं लावून वाचलं. खाली डोकं वर पाय करून तिथे 'व्हर्ना' पसरली होती.

"कात्री आहे का गं?" आर्डिसने विचारलं.

"आहे की. तुझ्यासाठीच आणली होती."

व्हर्नाने हातातला कप खाली ठेवला.